काकांचं उजवं मनगट

रोज सकाळी चहाच्या आधी काका घरातली सगळी कुलपं एकदा उघडून बंद करायचे. पुढच्या दाराचं, मागच्या दाराचं, कपाटाचं, आणि जिच्यात कधीच काही ठेवलेलं नव्हतं त्या पत्र्याच्या पेटीचंही. किल्ली घालायची, फिरवायच्या आधी मनगट किंचित हलवायचं, आतून पितळेनं हुंकार दिला की मग फिरवायची.

"काय, रात्रीतून विसरलं का कुणी आपलं काम?" काकू स्वयंपाकघरातून विचारायची.

"कुलूप विसरत नाही गं. पण विचारपूस केली की त्यालाही बरं वाटतं."

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहत होते. त्यांचा धंदा किल्ल्या बनवण्याचा. बाजारातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली दुकान होतं, इतकं बुटकं की आत बसायचं तर ताठ बसता येई, उभं राहायचं तर वाकूनच. तिन्ही भिंतींवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. वरून कुणी जिना उतरू लागलं की सगळं दुकान किणकिणायचं, आणि काका न बघता सांगायचे, "शिंपीण आली," किंवा "वकिलांचा कारकून, आज घाईत आहे." घाबरंघुबरं होऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी खिसे उलटे करायला लावत. निम्म्या हरवलेल्या किल्ल्या तिथंच सापडत. काकू म्हणायची, "असा धंदा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला परत पाठवायचं बघतात."

सगळं कसब त्या उजव्या मनगटात होतं. त्या मनगटाला जणू कान होते. पण कान असलेलं मनगट दुकान बंद झालं म्हणून बंद होत नाही. काका नळ उघडतानाही आधी जरासा हलवून बघत. रेडिओचं बटण, बरणीचं झाकण, चहातला चमचा, सगळ्यांना तोच बारीक झोका. कुणाशी हात मिळवला तरी समोरच्याचा हात किंचित फिरवून बघायचे. माणूस उघडतो का ते पाहत असावेत.

आणि मोटरसायकल. ती आमच्या बाबांनी तरुणपणी घेतली होती आणि संसार वाढल्यावर धाकट्या भावाला देऊन टाकली होती. एका सिलिंडरची, किकची, टाकीवरचा रंग गुडघ्यांनी घासून गेलेला. काकू तिला जाऊबाई म्हणायची. "मोठ्या दिरांच्या घरून आलेली, माझ्या आधी घरात शिरलेली, मान मागणारी. आणि सकाळी हाका मारल्या तरी न उठणारी!" माझी आई म्हणजे काकूची खरी जाऊबाई. तिनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी कोंबड्याच्या आधी उठते हो!" ती म्हणाली, आणि मग दोघी इतक्या हसल्या की चहा गार झाला.

तरी काकूचं म्हणणं खोटं नव्हतं. उन्हाळ्यात जाऊबाई एका किकमध्ये हसत उठत. थंडी पडली की मात्र त्यांना जाग म्हणून येत नसे. त्यानं कुणाचं अडत नव्हतं. दुकान हाकेच्या अंतरावर. थंडीचे महिने जाऊबाई ताडपत्रीखाली काढायच्या.

अडलं ते काकूला नोकरी लागली तेव्हा.

लग्नाआधी काकूनं दूध तपासणीचा कोर्स केला होता. मग लग्न, मुलं, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं. या सगळ्यात त्या कोर्सची एकच गोष्ट तिच्याजवळ उरली होती. काचेचा लॅक्टोमीटर, टॉवेलात गुंडाळून लांबट डब्यात ठेवलेला. दुधात सोडला की तरंगतो आणि दूध किती खरं ते सांगतो. घरी आलेल्या प्रत्येक दूधवाल्यानं त्याचा धसका घेतलेला होता. मुलं आपापल्या वाटेला लागली आणि एका संध्याकाळी जेवताना काकू सहज म्हणाली, "गावाबाहेरच्या डेअरीत तपासनीस हवी आहे. मी विचारून आले. या म्हणाले."

काकांचा घास हातातच राहिला. "कधी विचारलंस?"

"तुम्ही शिंपिणीचं कपाट उघडत होतात तेव्हा."

अडचण एवढीच, की पहिला टँकर उजाडता उजाडता यायचा आणि त्या वेळी तिकडे बस जात नसे. नेमणूक तूर्त थंडीपुरती, काम बघून पुढचं ठरणार.

"मी सोडीन," काका म्हणाले. "त्यात काय!"

पहिले काही आठवडे खरंच त्यात काही नव्हतं. दोघं अंधारात निघायची, काका परत येऊन कुलपांची विचारपूस करायचे. काकू दुपारी यायची ती बोलतच. कुणाच्या कॅनमध्ये विहीर निघाली, कुणाची गाय आजारी आहे हे दुधावरून तिनं मालकाच्या आधी कसं ओळखलं, टँकरचा ड्रायव्हर तिला 'टेस्टरबाई' म्हणून सलाम कसा ठोकतो. इतकी वर्षं ती घरात हळू आवाजात हसायची, हे मला तिचा मोठा आवाज ऐकल्यावर कळलं. काका तिचं बोलणं ऐकताना समोरचा चमचा हलवणंसुद्धा विसरत.

मग थंडी पडली.

पहिल्याच गारठ्याच्या सकाळी काकांनी थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारा चोकचा खटका वर ओढला, उजव्या हातानं अ‍ॅक्सिलरेटरची मूठ धरली आणि किक मारली. मग मारली, मग मारतच राहिले. वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँडमास्तर राहत. त्यांनी खिडकी उघडली. "ताल सुटतोय तुमचा," ते वरून म्हणाले. काकांनी घामेजलेल्या चेहऱ्यानं वर पाहिलं आणि आणखी बेताल किक मारली. शेवटी काकू भाजीच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेली. ती पोचली तेव्हा टँकर येऊन खोळंबला होता.

डेअरीच्या प्रयोगशाळेच्या मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही डोक्यावर कुणी होतं. त्या म्हणाल्या, "टँकर आल्यावर तपासनीस जागेवर नसेल तर दूध न तपासता टाकीत जातं. एकदा मी सांभाळून घेतलं. पुन्हा झालं, तर तुम्हाला दुपारच्या बाटल्या धुण्याच्या कामावर घालावं लागेल."

काकूनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. लॅक्टोमीटर पुसून ठेवताना ती फक्त म्हणाली, "बाटल्या मी घरीही धुतेच की."

हे वाक्य काकांना फार लागलं.

त्याच रात्री त्यांनी जाऊबाईंना घरात घेतलं. पुढच्या दारातून, दोन पायऱ्या चढवून, बोळकांडीत. अंगावर जुनी गोधडी. "झालं!" काकू म्हणाली. "आता त्यांना उशाला काय देऊ?" पण सकाळी इंजिन कोमट होतं आणि गाडी मुकाट्यानं चालू झाली. काका विजयी मुद्रेनं परतले. घरभर पेट्रोलचा वास होता, तो आम्ही थट्टेवारी नेला.

डेअरीत मात्र थट्टा चालली नाही. दूध म्हणजे वास लगेच पकडणारी वस्तू. मॅडमनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या दुधाचा नमुना हुंगला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "याला पेट्रोलचा वास येतोय. कॅन परत पाठवा." म्हातारा शपथा घेऊ लागला. काकूनं नमुना हुंगला, मग आपल्या स्वेटरची बाही हुंगली, आणि तिच्या लक्षात आलं. तिनं स्वेटर काढून बाहेर झाडावर टांगला, हात कोपरापर्यंत धुतले, दुसरा नमुना घेतला. म्हाताऱ्याचं दूध निर्मळ निघालं. काकू ती सगळी सकाळ थंडीत कुडकुडत उभी राहिली.

घरी आल्यावर तिनं दारातूनच सांगितलं, "जाऊबाई बाहेर."

"पण अगं..."

"त्या तरी, नाहीतर मी तरी."

जाऊबाई बाहेर गेल्या. आता त्यांना उघड्यावर, गारठ्यात उठायला शिकवणं भाग होतं. काकांनी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उतरवला आणि जेवणाच्या टेबलावर, ताटात मांडला. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिनला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. पेट्रोल मोजून सोडतं ते जेट. पितळेचा इवलासा स्क्रू, मधोमध केसाएवढं भोक. काकांनी तो दिव्यासमोर धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. पितळ, बारीक भोक, नेमकं माप. हे तर कुलपाचंच भावंड!

"मोठं करू का भोक?" ते स्वतःशीच म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. "किल्ली घासता येते, परत भरता येत नाही." मग त्यांनी मोठ्या नंबरचं तयार जेट आणून बसवलं.

गाडी काळा धूर सोडू लागली, पेट्रोल ढोसू लागली. सकाळी उठेना ती उठेनाच. काकांनी ठिणगी पाडणारा प्लग काढून बघितला. काजळासारखा काळा. त्या दिवशी काकूनं टेम्पोवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. पण तो रोज येणारा नव्हता.

काका कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मेस्त्रीकडे गेले. मेस्त्री हसू लागला. "काका, तुम्ही मेन जेट बदललंत. ते गाडी पूर्ण वेगात असताना कामाचं. सकाळी ती झोपेत असते, पळत नसते! झोपेतलं दूध पाजतं ते हे." त्यानं दुसरं, त्याहून नाजूक जेट दाखवलं. पायलट जेट.

काकूला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

"म्हैस सापडली ना आता!" काका म्हणाले.

त्यांनी मेन जेट जुनंच परत बसवलं, पायलट एका नंबरानं मोठं घातलं. चोकची दट्ट्यासारखी नळी आणि तिचं रबर साफ केलं. मग ते आपल्या धंद्याच्या रीतीवर आले. किल्ली बनवताना जसं घासायचं, घालून बघायचं, ओरखडा कुठं उठला ते वाचायचं, पुन्हा घासायचं, तसंच. हवेचा स्क्रू थोडा फिरवायचा, फेरी मारून यायचं, प्लग काढून रंग वाचायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. एका संध्याकाळी ते प्लग हातात घेऊन नाचतच आले. प्लग भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचा होता. चालू झालेली गाडी आता घड्याळासारखी टिकटिकत राहत होती. बँडमास्तर खिडकीतून म्हणाले, "आता लय सापडली."

दोन दिवस हवा उबदार होती आणि सकाळीही सगळं सुरळीत झालं. काकांनी दुकानात ओळखीच्या माणसांना चहा पाजला.

तिसऱ्या सकाळी कौलांवर पांढरं दव गोठलं होतं.

काकांनी ताडपत्री काढली. चोक ओढला, मूठ धरली, किक मारली. एक खोकला, बस्स. पुन्हा खोकला. पुन्हा. टेम्पोवाला गावाला गेलेला. काकू कोट घालून, मफलर गुंडाळून, उजव्या हातात लॅक्टोमीटरचा डबा छातीशी धरून उभी.  माझ्याकडे बघून काका म्हणाले, "प्लग गरम करून बघतो. पाना कुठं ठेवलाय?" आणि धावतच आत गेले.

काकूनं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे. मग गाडी मेन स्टँडवर होती तशीच तिच्यावर चढली. डबा तिनं खाली ठेवला नाही. तो डबा ती कुठंच खाली ठेवत नसे. डाव्या हातानं हँडल धरलं, चोक आधीच वर ओढलेला होता, आणि दात खाऊन किक मारली. काही नाही. दुसरी मारली.

जाऊबाई उठल्या. एकदम, खणखणीत, जणू कुणी हाकच मारली नव्हती इतका वेळ.

काका दारात आले. एका हातात पाना, एका पायात चप्पल.

"काय केलंस?"

"काही नाही."

"काहीतरी केलं असशील!"

"अहो, काहीच नाही केलं. करणार कशानं? हात कुठं मोकळा होता?"

"आधी बसा!" वरून बँडमास्तर ओरडले. "चर्चा नंतर!"

पुढचं मी पाहिलं नाही, पण ते आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं की पाहिल्यासारखंच आहे. डेअरीच्या अलीकडच्या चढावर टँकर त्यांच्या पुढं दिसला. काका एका पायात चप्पल घालून गाडी चालवत होते. काकू मागून त्यांच्या पाठीत गुद्दे मारत ओरडत होती, "घ्या, पुढं घ्या!" त्यांनी टँकरला मागं टाकलं तेव्हा ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून सलाम ठोकला आणि लांबलचक भोंगा वाजवला. टँकर फाटकातून आत आला तेव्हा टेस्टरबाई पांढरा कोट घालून, डबा उघडून, जागेवर उभ्या होत्या. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, काकूच्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "चहा घ्या आधी."

 संध्याकाळी कार्ब्युरेटर पुन्हा ताटात आला. काका फुंकर मारून एक एक वाट तपासत होते. चोक ओढला की जी उघडते ती लहानशी आडवाट, आणि मुठीनं उघडतं ते मोठं दार. फुंकर मारता मारता ते थांबले. उजवा हात उचलून त्यांनी डोळ्यांसमोर धरला, एखाद्या परक्याचा असावा तसा.

"हा!" ते म्हणाले. "हा चोर आहे!"

काकू भाजी चिरत होती. "आता काय चोरलं त्यानं?"

"अगं, चोकचं पेट्रोल या आडवाटेनं येतं. पण ती वाट इंजिननं जोरात ओढलं तरच वाहते. मोठं दार घट्ट बंद असेल तरच! मी किक मारताना काय करतो? मूठ धरतो. आणि धरली की..." त्यांनी हवेत मनगट हलवलं, तोच बारीक झोका. "दार किलकिलं होतं. पुढचं दार उघडं टाकल्यावर मागच्या खिडकीतून वारा कशाला येईल? इतकी वर्षं मी तिला चोक देत होतो आणि त्याच हातानं काढून घेत होतो."

"म्हणजे मी काहीच केलं नाही म्हणून ती चालू झाली."

"तसंच."

"मग हे मी आधीच सांगितलं होतं. सकाळीच."

"पण माझं पायलट जेट नसतं तर चोक खाली केल्याबरोबर बंद पडली असती हं! तू आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यास."

"पीठ तुमचं, रेघोट्या माझ्या. मान्य."

कारण सापडलं, पण खोड कुठं सुटते? दुसऱ्या सकाळी काका म्हणाले, "मूठ धरणार नाही." आणि किकबरोबर हात आपोआप मुठीवर गेला. पुन्हा ठरवलं, पुन्हा गेला. हात खिशात घातला, तर खिशातल्या किल्ल्या हलवू लागला आणि तोल गेला. काकू बघत होती. मग तिनं जे कधी कुणाला करू दिलं नव्हतं ते केलं. लॅक्टोमीटरचा डबा काकांच्या उजव्या हातात दिला.

"धरा. आणि पडला तर माझ्याशी गाठ आहे."

काकांनी श्वास रोखला. आयुष्यात पहिल्यांदा ते मनगट गोठल्यासारखं स्थिर झालं. त्यांनी डाव्या हातानं हँडल धरून, अवघडून, पाहुण्याच्या हातात तान्हं मूल दिल्यावर दिसतं तशा चेहऱ्यानं किक मारली. जाऊबाई दुसऱ्या किकला उठल्या. खिडकीतून टाळ्या आल्या.

त्या हिवाळ्यात रोज सकाळी हेच. आधी डबा सोपवायचा, मग किक. थंडी संपली तेव्हा काकूची नेमणूक कायम झाली. पुढच्या थंडीपर्यंत ती स्वतःच गाडी चालवायला शिकली होती. काका फाटकाशी उभे राहून सूचना द्यायचे, त्या ती ऐकत नसे, आणि ती वळणावर दिसेनाशी झाली की ते ऐटीत आत यायचे. दुकानातल्या गिऱ्हाइकाला ते स्वतःची ओळख सांगू लागले होते, "टेस्टरबाई आहेत ना डेअरीत, त्यांचे मिस्टर."

अशी पुष्कळ वर्षं गेली. मी तिथून बाहेर पडले, सुट्टीत जात राहिले. काका गेले ते एका उन्हाळ्यात, दुपारी, दुकानात बाकड्यावर बसल्या बसल्या. हातातलं कुलूप उघडलेलं होतं.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी मी तिथंच होते, सुट्टीत आलेली. काकूला निघायला उशीर होत होता. चष्मा सापडला, तर चपला सापडेनात. दारापर्यंत गेली आणि परत वळली, शेगडीवर दूध चढवल्याचं तिला आठवलं होतं. काका स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहिले, हातातला चमचा त्यांनी वाहतूक पोलिसासारखा वर धरला आणि म्हणाले, "जा तू. तिथलं तू बघ, इथलं दूध मी बघतो."